राज्य कुणाचे?

‘सार्वभौम’ हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रात वाचला असेल. शब्द मोठा आहे, पण त्याला भिऊ नये. तोडून वाचावा. सर्व म्हणजे सगळी, भूमी म्हणजे जमीन. सगळ्या भूमीचा जो धनी तो सार्वभौम. त्याच्या वर दुसरा धनी नसतो. त्याचा शब्द शेवटचा.

शेवटचा शब्द म्हणजे काय ते पाहू. समजा, दोन भावांत बांधावरून तंटा झाला. गावातले चार शहाणे लोक समजूत घालतात. नाही पटले तर तहसीलदाराकडे जावे. तिथेही नाही पटले तर प्रांतसाहेब आहेत, मग कलेक्टर आहेत. कोर्टाची वाट धरली तर तालुक्याचे कोर्ट, जिल्ह्याचे कोर्ट, मुंबईचे हायकोर्ट आणि शेवटी दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. तिथे मात्र वाट संपते. त्याच्या वर दाद मागायला जागा नाही.

मग कुणी विचारील, “गुरुजी, या सगळ्यांना हा अधिकार दिला कुणी?” प्रश्न बरोबर आहे. हाच या धड्यातला मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळवायला आपल्याला थोडे मागे जावे लागेल. फार लांब नाही, आपल्याच तालुक्यातल्या एका गडावर.

शेताची तीन अंगे

आधी एक खूण मनात ठेवा. शेत कुणाचे हे आपण तीन गोष्टींवरून ठरवतो. पहिली गोष्ट ताबा. शेत नांगरतो कोण, पीक काढतो कोण? दुसरी गोष्ट हक्क. ते त्याच्याकडे कशाने आले? वाडवडिलांकडून, खरेदीने, की नुसत्या दांडगाईने? तिसरी गोष्ट कबुली. शेजारीपाजारी त्याला मालक मानतात का? तिन्ही गोष्टी जुळल्या तर तंटा नाही. एक जरी हुकली तर कटकट सुरू झालीच म्हणून समजा.

राज्याचेही असेच असते. मुलखाचा ताबा कुणाकडे आहे, राज्य करण्याचा हक्क त्याला कशाने मिळाला, आणि शेजारची राज्ये त्याला मानतात का? या तीन प्रश्नांवरून जगात आजवर किती लढाया झाल्या, त्याची गणती नाही.

पेमगिरीचा बाळराजा

संगमनेर तालुक्यात पेमगिरी नावाचे गाव आहे. तिथला अवाढव्य वड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. गावाच्या माथ्यावर गड आहे. वर पेमादेवीचे देऊळ आहे, पाण्याची टाकी आहेत. या गडाला शहागड असेही म्हणतात. हे नाव का पडले असेल?

त्या वेळी आपल्या भागात अहमदनगरच्या निजामशहाचे राज्य होते. हे राज्य १४९० साली सुरू झाले. दीडशे वर्षे होत आली तेव्हा त्याला उतरती कळा लागली. उत्तरेकडून दिल्लीचे मोगल चालून आले. १६३० ते १६३२ या काळात भयंकर दुष्काळ पडला. गावे ओस पडली. त्यातच १६३३ साली मोगलांनी दौलताबादचा किल्ला घेतला. तिथला निजामशहा वयाने लहान होता. त्याला धरून नेऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद केले. आता हे राज्य संपले, असे मोगलांना वाटले.

पण शहाजीराजे भोसले गप्प बसले नाहीत. त्यांनी निजामशाही घराण्यातला मुर्तझा नावाचा दुसरा एक लहान मुलगा शोधून काढला. त्याला पेमगिरीच्या गडावर आणून गादीवर बसवले. मूल लहान, म्हणून त्याला मांडीवर घेऊन शहाजीराजे स्वतः गादीवर बसत, असे आपल्याकडे सांगतात. जुन्नर, संगमनेर, नाशिक, त्र्यंबक आणि कोकणचा काही भाग या मुलाच्या नावाने त्यांनी चालवला. फौज शहाजीराजांची, अक्कल त्यांची, कष्ट त्यांचे. नाव मात्र त्या मुलाचे.

आता विचार करा. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असे आपण म्हणतो. ससा तर शहाजीराजांच्या हाती होता. मग त्यांना हे मूल कशाला हवे होते? स्वतःच राजा म्हणून का बसले नाहीत?

कारण आपण पाहिलेली दुसरी गोष्ट, हक्क. त्या काळी राज्याचा हक्क राजघराण्याच्या रक्ताने येतो असे सगळे मानत. किल्लेदार आणि सरदार पराक्रमी माणसाला मान देत, पण हुकूम मानत ते गादीचा. ताबा शहाजीराजांकडे होता, हक्क त्या मुलाच्या नावाने होता.

तिसरी गोष्ट मात्र जुळली नाही. मोगलांनी या राज्याला कबुली दिली नाही. १६३६ साली बादशहा शहाजहान स्वतः दक्षिणेत उतरला. त्याने विजापूरच्या आदिलशहाशी तह केला आणि दोघांनी मिळून निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला. आपला संगमनेरचा भाग मोगलांच्या वाट्याला गेला. शहाजीराजे ठाण्याकडच्या माहुली किल्ल्यावरून लढत होते. तिथे त्यांना वेढा पडला. शेवटी तो मुलगा त्यांना मोगलांच्या स्वाधीन करावा लागला. निजामशाही कायमची बुडाली.

या सगळ्या धामधुमीत एक माणूस आपल्याला कुठेच दिसत नाही. तो म्हणजे पेमगिरीच्या पायथ्याचा शेतकरी. राज्य निजामशहाचे होते, मग मोगलांचे झाले. त्याला कुणी विचारले नाही. त्याच्याकडे सारा तेवढा मागितला. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

स्वतःच्या नावाचे छत्र

वडिलांना दुसऱ्याचे मूल गादीवर बसवावे लागले. मुलाने ते केले नाही. शिवाजीराजांनी गड घेतले, मुलूख मिळवला, कारभार बसवला. तरी मोगल आणि आदिलशहा त्यांना बंडखोर जहागीरदारच म्हणत. म्हणजे ताबा होता, पण हक्काबद्दल लोक वाद घालत होते. म्हणून ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. महाराजांनी डोक्यावर छत्र धरले, स्वतःच्या नावाचे सोन्याचे होन आणि तांब्याच्या शिवराया पाडल्या, नवा शक सुरू केला. मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन हजर होता. ही एक प्रकारे कबुलीच झाली.

म्हणून राज्याभिषेक म्हणजे नुसता थाटमाट समजू नये. ‘आमच्या वर दुसरा धनी नाही’ ही ती जाहीर दवंडी होती. नाणे, शिक्का आणि शक या सार्वभौमत्वाच्या खुणा आहेत.

महाराज रयतेची काळजी वाहणारे राजे होते. पण रयतेने आपले राज्यकर्ते स्वतः निवडावेत ही चाल त्या काळी आपल्याकडे नव्हती. ती यायला आणखी पावणेतीनशे वर्षे लागली.

प्रवरेच्या शेवटी दुसरे राज्य

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि आपल्या भागात इंग्रज आले. शेवटचा शब्द आता लंडनहून येऊ लागला. पण इंग्रजांनी सगळा देश थेट आपल्या हाताखाली घेतला नाही. शेकडो संस्थाने राहू दिली. राजे गादीवर बसत, पण त्यांच्या वर इंग्रज असत. असे राजे सार्वभौम नव्हेत, मांडलिक म्हणावेत.

आपली प्रवरा संगमनेरावरून वाहत खाली जाते आणि नेवासे तालुक्यात टोक्याजवळ गोदावरीला मिळते. त्या संगमावर उभे राहिले की समोर पलीकडच्या तीरावर कायगाव दिसते. एके काळी अलीकडचा तीर इंग्रजांचा होता आणि पलीकडचा हैदराबादच्या निजामाचा. (हा निजाम वेगळा. नगरची निजामशाही १६३६ साली संपली. हैदराबादचे घराणे १७२४ पासूनचे.) गोदावरी ओलांडली की नाणे बदले. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली शिक्का. सहा कलदार म्हणजे साधारण सात हाली. माल न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. दोन्ही तीरांवर बोली तीच, देव तेच, सोयरीकही होत असे. राज्य मात्र दोन.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्रज गेले. जाताना त्यांनी संस्थानांवरची आपली हुकमत सोडून दिली. निजाम मीर उस्मान अली खान म्हणाला, “मी हिंदुस्थानात येत नाही, पाकिस्तानातही जात नाही. मी स्वतंत्र.” त्याच्याकडे ताबा होता. घराण्याचा हक्कही तो सांगत होता. पण भारत सरकार त्याला सार्वभौम मानायला तयार नव्हते. नोव्हेंबर १९४७ मध्ये एक वर्षासाठी ‘जैसे थे’ करार झाला. तंटा मिटला नाही.

या वेळी मात्र पेमगिरीच्या वेळेसारखे झाले नाही. रयत बोलली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढारीपणाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला. हजारो लोक तुरुंगात गेले. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव जुलूम केले. पुष्कळ माणसे घरदार सोडून आपल्या जिल्ह्याच्या हद्दीत आली. निजामाने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली. तिचा निवाडा झालाच नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताची फौज हैदराबादेत शिरली आणि १७ सप्टेंबरला निजामाने हात टेकले. तो दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतात. त्या धुमश्चक्रीत आणि नंतरच्या दिवसांत कितीतरी निरपराध मुसलमानही मारले गेले. हेही खरे आहे, आणि खरे ते सांगितले पाहिजे. राज्याचा तंटा हाणामारीवर गेला की ज्याचा काही गुन्हा नाही तोच अधिक भरडला जातो.

१९५६ साली हैदराबाद संस्थानाची भाषेप्रमाणे वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. आज टोक्याहून कायगावला जाताना कुणी थांबवत नाही. पुलावरून एस. टी. जाते, नाणे बदलावे लागत नाही.

फूल आणि दोन पाने

दुसरे उदाहरण गोव्याचे. तिथे १५१० पासून पोर्तुगीजांचे राज्य होते. इंग्रज गेले, तरी ते हलेनात. गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे असे ते म्हणत. डिसेंबर १९६१ मध्ये भारताची फौज गोव्यात गेली आणि १९ तारखेला गोवा मुक्त झाला. ताबा लगेच बदलला, पण कबुली लवकर मिळाली नाही. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने १९७४ च्या अखेरीस तह करून मान्य केले. तेरा वर्षे गेली. ताबा आणि कबुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या अशा.

मग नवा प्रश्न निघाला. गोव्याने महाराष्ट्रात मिसळावे, की वेगळे राहावे? महाराष्ट्रातल्या पुष्कळांना वाटत होते, गोवा आपल्यात यावा. गोव्यातही तसे म्हणणारे बरेच होते. हे कसे ठरवायचे? फौज पाठवली नाही, वेढा घातला नाही. पार्लमेंटने कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या लोकांनाच विचारले. मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. मिसळायचे असेल तर फूल, वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही आपले मत सांगता आले. दोन पाने सुमारे ३४ हजार मतांनी जिंकली. महाराष्ट्रात कित्येकांना वाईट वाटले. पण लोकांचा कौल तो कौल. पुढे १९८७ साली गोवा स्वतंत्र घटक राज्य झाला.

पेमगिरीच्या पायथ्याच्या शेतकऱ्याला कुणी विचारले नव्हते. गोव्याच्या शेतकऱ्याला, रेंदेराला, कोळणीला विचारले. एवढा फरक पडायला तीनशे एकतीस वर्षे लागली.

घरातला बांध

आता शेवटचा मुद्दा. देशादेशांतला तंटा वेगळा आणि देशातल्या दोन राज्यांचा तंटा वेगळा. पहिला दोन परक्या घरांचा, दुसरा एकाच घरातल्या भावांचा.

बेळगाव, कारवार, निपाणी या भागात पुष्कळ मराठी लोक राहतात. १९५६ साली राज्यांची नवी मांडणी झाली तेव्हा हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. महाराष्ट्राने त्यावर हक्क सांगितला. केंद्र सरकारने १९६६ साली महाजन आयोग नेमला. त्याचा अहवाल १९६७ साली आला, तो महाराष्ट्राने मान्य केला नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. इतकी वर्षे हा वाद चालू आहे. त्यात मोर्चे निघाले, गोळीबारात माणसेही मेली. ते दुःख खरे आहे. आपल्या भाषेत शिकावे, आपल्या भाषेत कागद मिळावा, असे कुणाला वाटणार नाही?

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. बेळगाव इकडे असो की तिकडे, सार्वभौम सत्ता दोन्हीकडे भारताचीच आहे. महाराष्ट्र सार्वभौम नाही, कर्नाटकही नाही. राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने पार्लमेंटला दिला आहे. राज्याराज्यांतला हक्काचा वाद सर्वोच्च न्यायालय ऐकते. म्हणून सीमेवरून कुणी दुसऱ्या राज्याच्या एस. टी. वर दगड मारला, तर त्याने बांध एक इंचही सरकत नाही. आत बसलेल्या गरिबाचे डोके मात्र फुटते.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यातला जत तालुका दुष्काळी. तिथल्या काही गावांनी २०१२ साली ठराव केला की, पाणी मिळत नसेल तर आम्ही कर्नाटकात जातो. २०२२ साली त्या ठरावावरून पुन्हा गाजावाजा झाला. कुणी त्या गावकऱ्यांना नावे ठेवली. आपण जरा शांतपणे पाहू. नुसत्या ठरावाने गाव दुसऱ्या राज्यात जात नाही. तो अधिकार ग्रामपंचायतीला नाही. पण त्या ठरावात एक हाक होती. तुम्ही आमचे धनी म्हणवता, तर आमच्या शेताला पाणी का नाही? राज्य म्हणजे नुसता हक्क नव्हे, जबाबदारीही आहे, हे त्या माणसांनी सरकारला आठवून दिले.

मग धनी कोण?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. तहसीलदाराला, कलेक्टरला, न्यायालयाला, पार्लमेंटला अधिकार दिला कुणी? घटनेने दिला. घटना कुणी दिली? २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ती मंजूर झाली आणि २६ जानेवारी १९५० पासून पुरी लागू झाली. ती कुठल्या राजाच्या नावाने सुरू होत नाही, कुठल्या घराण्याच्या नावाने नाही, देवाच्या नावानेही नाही. ती भारताच्या लोकांच्या नावाने सुरू होते. लोकांनीच ती स्वतःला दिली, असे तिच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. म्हणजे धनी तुम्ही आहात.

तुम्ही म्हणाल, “आम्ही कसले धनी! तलाठ्याकडे उतारा आणायला गेलो तर चार खेपा माराव्या लागतात.” हेही खरे. पण घरचा धनीसुद्धा वही वाचता येत नसली की गड्याच्या तोंडाकडे बघत बसतो. धन्याने हिशेब पाहिला नाही, तर कारभारीच धनी होऊन बसतो.

एक सावधगिरीही हवी. लोक धनी आहेत म्हणजे जमाव धनी नव्हे. दहा जणांनी मिळून अकराव्याचे घर बळकावायचे म्हटले, तर घटना त्यांना अडवते. ती सरकारलाही अडवते आणि आपल्यालाही. शेत आपले असले तरी शेजाऱ्याचा बांध कोरता येत नाही, तसेच हे आहे.

म्हणून आता वाचायला आला आहात, तर तीन कागद आधी वाचायला शिका. आपल्या जमिनीचा उतारा, ग्रामसभेची नोटीस आणि मतदारयादीतले आपले नाव. उतारा वाचला की आपल्या शेताचा धनी कोण ते कळते. बाकीचे दोन वाचले की राज्याचा धनी कोण ते कळते. पेमगिरीच्या शेतकऱ्याकडे हे दोन कागद नव्हते.

वाचून झाल्यावर वर्गात बोला

१. शहाजीराजांनी लहान मुलाला गादीवर का बसवले?
२. टोके आणि कायगाव यांच्यामध्ये पूर्वी काय काय बदलत असे?
३. गोव्याचा १९६७ चा प्रश्न आणि निजामशाहीची १६३६ ची वाटणी यांत फरक कोणता?
४. तुमच्या गावची मागची ग्रामसभा कधी झाली? तिथे काय ठरले? तुम्ही गेला होता का?